कारागिराची मजुरी आणि कारकुनाचा पगार

दहावीचा निकाल लागला, की देशातील लक्षावधी घरांत एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते. मुलाने महाविद्यालयात जावे, की औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन एखादे कसब शिकावे? घरातील एक वडीलधारा माणूस म्हणतो, की हल्ली चांगला गवंडी पदवीधरापेक्षा अधिक कमावतो. दुसरा म्हणतो, की काहीही झाले तरी कचेरीतील खुर्ची ती खुर्चीच. दोघेही आपापल्या ओळखीतील एकेका माणसाचे उदाहरण देतात, आणि दोघांचीही उदाहरणे बहुधा खरीच असतात. तरीही चर्चेतून निष्पन्न काही होत नाही. कारण एकाने गवंड्याचा दिवसाचा दर सांगितलेला असतो आणि दुसऱ्याने कारकुनाचा महिन्याचा पगार. ही दोन वेगवेगळी मापे आहेत. त्यांची तुलना करण्यापूर्वी ती एका मापात आणावी लागतात, आणि तसे करू लागले म्हणजे हा प्रश्न वाटला होता त्याहून निराळाच आहे असे दिसून येते.

भाषेच्या दृष्टीने पाहिले, तर ह्या दोन व्यवसायांत भेद असण्याचे कारण नाही. ‘कारागीर’ आणि ‘कारकून’ हे दोन्ही शब्द फारसीतून आपल्याकडे आले आणि दोहोंच्या मुळाशी ‘कार’ म्हणजे काम हाच शब्द आहे. ‘कारकून’ ह्याचा मूळ अर्थ काम करणारा एवढाच होय. पुढे मात्र एकाच्या हाती हत्यार आणि दुसऱ्याच्या हाती लेखणी आली. लेखणीवाल्याला ‘पांढरपेशा’ ही संज्ञा मिळाली. कपडे मळत नाहीत असा तो पेशा.

ह्या प्रतिष्ठेचा इतिहास अगदीच जुना नाही. हाताने काम करणाऱ्या जातींना आपल्या समाजाने पूर्वीपासून खालचे स्थान दिले होते, हे खरे. परंतु कचेरीतील नोकरीला जे अवास्तव महत्त्व आले, ते इंग्रजी अमदानीत. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग ह्यांनी सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम देण्याचा ठराव केला. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली आणि पदवी ही नोकरीची किल्ली बनली. जवळजवळ त्याच काळात, १८६२ मध्ये, बिहारातील जमालपूर येथे रेल्वेची मोठी कर्मशाला उभी राहिली आणि तेथे फिटर, टर्नर, लोहार ह्यांची नवी पिढी घडू लागली. परंतु तिच्याकडे समाजाने कौतुकाने पाहिले असे म्हणता येत नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा झाला आणि १९६४ ते १९६६ ह्या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगानेही माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्याचा आग्रह धरला. मुलांचा ओढा मात्र महाविद्यालयांकडेच राहिला.

समाजाने जो भेद मानला, तो किमान वेतनाच्या दरपत्रकात फारसा आढळत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. केंद्र सरकारच्या कक्षेतील आस्थापनांसाठी किमान वेतनाचे जे दर जाहीर होतात, त्यांत कुशल कामगार आणि कारकून ह्यांना एकाच ओळीत बसविलेले असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार ‘अ’ वर्गाच्या क्षेत्रात बांधकामावरील अकुशल कामगाराला रोज ७८३ रुपये, अर्धकुशल कामगाराला ८६८ रुपये, कुशल कामगाराला तसेच कारकुनाला ९५४ रुपये आणि अतिकुशल कामगाराला १,०३५ रुपये असे दर ठरले. दिल्लीच्या राज्य शासनाचे दरपत्रक थोडे अधिक बारकाईने केलेले आहे. त्यात मॅट्रिक न झालेला कारकून अर्धकुशल कामगाराच्या बरोबरीने, मॅट्रिक झालेला कुशल कामगाराच्या बरोबरीने आणि पदवीधर त्यांच्या वर, असा क्रम आहे. १ एप्रिल २०२५ पासून तेथे कुशल कामगाराचे किमान मासिक वेतन २२,४११ रुपये आणि पदवीधर कारकुनाचे २४,३५६ रुपये होते. अंतर १,९४५ रुपयांचे. तीन वर्षांच्या पदवीचे सरकारी मोल ते एवढे!

किमान वेतन म्हणजे प्रत्यक्ष मिळकत नव्हे, हे उघड आहे. पुष्कळांना ते मिळत नाही आणि काहींना त्याहून खूप अधिक मिळते. तरीही हे दर एका कारणासाठी उपयोगी आहेत. मासिक वेतन काढताना ते रोजच्या दराला २६ ने गुणतात. आठवड्याची एक सुटी वजा जाता महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस, असा हिशेब त्यामागे आहे. ९५४ रुपये गुणिले २६ म्हणजे २४,८०४ रुपये. कागदावर कारकून आणि गवंडी ह्या बिंदूवर एकमेकांशेजारी उभे राहतात. आणि नेमक्या ह्याच बिंदूपासून त्यांच्या वाटा निराळ्या होतात. कारण कारकुनाचे सव्वीस दिवस ठरलेले असतात, गवंड्याचे नसतात.

रोजंदारीवर काम करणाऱ्या गवंड्याचे वर्ष कसे जाते ते पाहावे. सकाळी तो थापी आणि ओळंबा घेऊन शहरातील नाक्यावर येऊन उभा राहतो. काम मिळाले तर मिळाले. पावसाळ्यात बाहेरचे गिलाव्याचे काम थांबते, पायाचे खड्डे पाण्याने भरतात. सणाला आणि शेतीच्या हंगामाला तो गावी जातो. वाळू आली नाही, मालकाचा पैसा अडला, महापालिकेने काम थांबविले, तरी त्या दिवसाची मजुरी त्याचीच बुडते. समजा, वर्षातील आठ महिने त्याला पुरे २६ दिवस काम मिळाले आणि पावसाच्या चार महिन्यांत महिन्याला बाराच दिवस मिळाले. वर्षाचे दिवस झाले २५६ आणि ९५४ रुपये दराने मिळकत झाली २,४४,२२४ रुपये. ती बारा महिन्यांवर विभागली असता महिन्याला २०,३५२ रुपये पडतात. आता अकुशल कामगाराचा दर घ्यावा. ७८३ रुपयांना २६ ने गुणले असता २०,३५८ रुपये येतात. म्हणजे भिंत ओळंब्यात घेण्याचे, कोपरा काटकोनात राखण्याचे जे कौशल्य त्याने दहा वर्षे खपून मिळविले, त्याचा सगळा लाभ पावसाच्या चार महिन्यांनी धुऊन नेला आणि तो बारमाही काम मिळणाऱ्या अकुशल मजुराच्याही सहा रुपये मागे पडला. त्याच दराचा कारकून मात्र वर्षाअखेर २,९७,६४८ रुपयांवर असतो. गवंड्याचा दर अधिक असूनही घरात पैसा टिकत का नाही, ह्याचे उत्तर पुष्कळदा व्यसनात किंवा उधळपट्टीत शोधले जाते. ते ह्या गुणाकारात शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

ह्याच्या उलट बाजूस रेल्वेच्या कर्मशाळेतील कारागीर आहे. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात तृतीय श्रेणीचा तंत्रज्ञ आणि कनिष्ठ कारकून हे दोघेही दुसऱ्या स्तरावर, म्हणजे १९,९०० रुपये मूळ वेतनावर प्रवेश करतात. तंत्रज्ञ पुढे चौथ्या स्तराला २५,५००, पाचव्याला २९,२०० आणि वरिष्ठ तंत्रज्ञ झाल्यावर सहाव्या स्तराला ३५,४०० रुपयांवर पोहोचतो. कार्यालय अधीक्षकाचा स्तरही सहावाच. दोघांनाही दरवर्षी तीन टक्के वाढ, महागाई भत्ता, घरभाडे, प्रवासाचा पास, रुग्णालय आणि साठाव्या वर्षी सेवानिवृत्ती. येथे हाताला तेल लागते म्हणून वेतन कमी होत नाही. एवढेच नव्हे, तर अतिकालिक कामाच्या भत्त्यामुळे किंवा प्रोत्साहन योजनेमुळे एखाद्या महिन्यात फिटर कारकुनाच्या पुढेही जातो.

रेल्वेतील फिटर आणि नाक्यावरील गवंडी हे दोघेही कुशल कारागीरच होत. त्यांच्या मिळकतीतील दरी मात्र कारागीर आणि कारकून ह्यांच्यातील दरीपेक्षा कितीतरी खोल आहे. तेव्हा आपल्या देशात मिळकतीची खरी विभागणी हात आणि लेखणी अशी नसून, ज्याचे काम बांधलेले आहे तो आणि ज्याचे सुटे आहे तो, अशी आहे, असेच म्हणावे लागते.

पांढरपेशा नोकऱ्यांकडे ह्या दृष्टीने पाहिले, तर त्यांचीही चमक बरीच उतरते. २०१७-१८ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात बिगरशेती क्षेत्रातील नियमित पगारदारांची जी माहिती मिळाली, ती बोलकी आहे. त्यांपैकी ७१.१ टक्के लोकांजवळ नोकरीचा लेखी करार नव्हता, ५४.२ टक्के लोकांना भरपगारी रजा नव्हती आणि ४९.६ टक्के लोकांना कोणताही सामाजिक सुरक्षेचा लाभ नव्हता. म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या दहांपैकी सात जणांना उद्या येऊ नका, असे सांगितले, तर दाखवावयास कागद नव्हता. खाजगी शाळांतील कित्येक शिक्षक, दुकानातील हिशेबनीस, संगणकावर माहिती भरणारी मुले ह्यांत मोडतात. त्यांतील पुष्कळांचा पगार त्याच गावातील फरशी बसविणाऱ्या कारागिराच्या मिळकतीपेक्षा कमी असतो, आणि शर्टाला इस्त्री मात्र रोज लागते. संगणक व्यवसायासारख्या नव्या क्षेत्रातही मोठ्या कंपन्यांनी नवशिक्या अभियंत्यांना देऊ केलेला पगार २०१० च्या सुमारापासून पुढे दीर्घकाळ वर्षाला तीन ते साडेतीन लाखांच्या आसपासच घोटाळत राहिला. महागाई वाढत गेली, तो जवळजवळ तेथेच.

असे असूनही कचेरीच्या दाराशी गर्दी किती असावी? २०१५ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने सचिवालयात शिपायाच्या ३६८ जागा भरावयास काढल्या. तेवीस लाखांहून अधिक अर्ज आले आणि अर्जदारांत २५५ जण पीएच. डी. झालेले होते. ह्या घटनेवर त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली. परंतु अर्ज करणारे वेडे नव्हते. शिपायाची ती खुर्ची पगाराने मोठी नव्हती, ती आयुष्यभराची होती. त्यांनी दिवसाचा दर आणि महिन्याचा पगार ह्यांऐवजी चाळीस वर्षांची बेरीज केली होती.

ही बेरीज करताना दोन टोके नीट तपासावी लागतात. पहिले टोक आरंभाचे. आयटीआयमधील वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा असतो. दहावीनंतर सोळाव्या वर्षी गेलेला मुलगा शिकाऊ उमेदवारीचे एक वर्ष धरूनही एकोणिसाव्या वर्षी कमावता होऊ शकतो. त्याच्या वर्गातील दुसरा मुलगा एकविसाव्या वर्षी पदवीधर होतो आणि स्पर्धा परीक्षांत आणखी चार वर्षे घालवितो. पहिल्याला महिना १५,००० रुपये मिळाले असे धरले, तरी दुसरा पंचविसाव्या वर्षी नोकरीला लागेपर्यंत सहा वर्षांत त्याच्या हाती १०,८०,००० रुपये येऊन गेलेले असतात. शिवाय दुसऱ्याच्या शिकवणीचा, खोलीभाड्याचा खर्च वेगळा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था ह्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के होते. ह्यावरून शिक्षणाने बेकारी वाढते, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. ज्याच्या घरात चूल पेटण्याची अडचण आहे, त्याला बेकार राहणे परवडतच नाही. तो मिळेल त्या कामाला लागतो. वाट पाहता येणे हीसुद्धा एक प्रकारची ऐपत आहे.

दुसरे टोक अखेरीचे. कारकुनाची मिळकत वयाबरोबर वाढत जाते आणि सर्वांत मोठा पगार त्याला निवृत्तीच्या महिन्यात मिळतो. कारागिराचे तसे नसते. तिशी-चाळिशीत तो सर्वांत अधिक कमावतो. त्यानंतर गुडघे, कंबर, दृष्टी ह्यांची तक्रार सुरू होते. दगड फोडणाऱ्याच्या फुप्फुसांत धूळ साचते, वेल्डरच्या डोळ्यांवर झळ बसते. पन्नाशीनंतर तो उंच परांचीवर चढत नाही, म्हणून त्याला रोज कमी मिळतो, किंवा मिळतच नाही. ठेकेदाराकडे त्याचा भविष्यनिर्वाह निधी जमा झालेला नसेल, तर त्याच्या म्हातारपणाची सारी तरतूद मुलांवर असते. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने कल्याण मंडळे निर्माण झाली आणि बांधकामांच्या खर्चावर उपकर बसला. परंतु नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागे, आणि रोज मालक बदलणाऱ्या माणसाने तो आणावा कोणाकडून? वीस वर्षे नियमाने काम केलेले कित्येक हात त्या एका कागदासाठी नोंदणीबाहेर राहिले. म्हणून कारागिराच्या रोजाच्या दरातील काही हिस्सा ही मिळकत नसून, झिजणाऱ्या शरीराची आगाऊ भरपाई आहे असे धरावयास हवे. तो तसा बाजूला ठेवला जात नाही, ही गोष्ट वेगळी.

स्वतंत्र धंदा करणाऱ्या प्लंबरच्या किंवा वायरमनच्या बाबतीत आणखी एक चूक नेहमी होते. नळाचे वायसर बदलण्यास अर्धा तास लागला आणि त्याने तीनशे रुपये घेतले, की घरमालक मनात दिवसाच्या आठ तासांचा गुणाकार करतो आणि थक्क होतो. परंतु त्या अर्ध्या तासामागे येण्याजाण्याचा एक तास, दुकानातून सामान आणण्याचा वेळ, हत्यारांची झीज, दुचाकीचे पेट्रोल आणि ज्या दिवशी कोणाचा दूरध्वनीच आला नाही तो दिवस, हे सगळे उभे असते. उलट, दहा माणसे हाताखाली घेऊन इमारतीचे काम अंगावर घेणाऱ्या माजी मिस्त्रीची मिळकत कारागिराची म्हणून सांगितली जाते. तेही बरोबर नाही. ती भांडवलाची, जोखमीची आणि ओळखीची मिळकत होय, ओळंब्याची नव्हे.

स्थळाचा फरक तर विचारूच नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२-२३ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भागातील बांधकाम मजुराला केरळमध्ये दिवसाला सरासरी ८५२.५ रुपये मिळत होते, सबंध देशाची सरासरी ३९३.३ रुपये होती आणि मध्य प्रदेशात ती अवघी २७८.७ रुपये होती. तीच वीट, तोच माल, आणि मजुरी तिप्पट. १९७३ नंतर आखाती देशांत तेलाचा पैसा आला, तेव्हा केरळातील सुतार, गवंडी आणि वेल्डर तिकडे गेले. त्यांच्या मागे पडलेल्या जागी आज बंगाल, आसाम आणि ओडिशा येथील माणसे काम करतात. मुर्शिदाबाद जिल्ह्यातील राजमिस्त्री हजारो मैल प्रवास करून केरळात भिंती उभारतो, त्याचे कारण ह्या आकड्यांत आहे. अर्थात त्या ८५२ रुपयांतून खोलीचे भाडे, दोन ठिकाणच्या चुली आणि रेल्वेचे तिकीट वजा करावे लागते. कारकुनाला बहुधा असे स्थलांतर करावे लागत नाही, आणि त्याने केले तरी त्याच्या पगारात एवढी तफावत पडत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तुलनेचा काटा आणखी एका बाजूला झुकतो. बांधकामावर स्त्रिया सर्वत्र दिसतात, पण त्या माल वाहताना. थापी त्यांच्या हाती क्वचितच दिली जाते. त्यामुळे वीस वर्षे काम करूनही त्यांची नोंद अकुशल अशीच राहते. झारखंडात स्वच्छ भारत मोहिमेच्या काळात गावोगावी शौचालये बांधण्यासाठी स्त्रियांना गवंडीकाम शिकविण्यात आले आणि त्यांना ‘राणी मिस्त्री’ असे नाव पडले. अशी उदाहरणे थोडी आहेत. मुलीच्या बाबतीत कचेरीतील कमी पगाराची नोकरी पत्करणारे आईवडील पुष्कळदा प्रतिष्ठेपेक्षा हीच गोष्ट ओळखून असतात, की हत्याराच्या व्यवसायात तिला कुशल म्हणून घेणारा मालक मिळणे कठीण आहे.

म्हणून दहावीच्या निकालानंतर चर्चा करणाऱ्या कुटुंबाने दराची चौकशी करण्याआधी शिक्षणानंतर काम कोठे आणि किती काळ मिळते, ह्याची चौकशी करणे अधिक उपयोगाचे ठरेल. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार आयटीआय उत्तीर्ण शिकाऊ उमेदवाराला दरमहा किमान ७,००० रुपये आणि पदवीधराला ९,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले होते. हा दोन हजारांचा फरक सर्वांच्या लगेच लक्षात येतो. परंतु उमेदवारी संपल्यावर त्या तरुणाला कामावर घेतलेच पाहिजे, असे बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही; ह्याविषयीचे धोरण ज्या त्या आस्थापनेने ठरवावयाचे असते. कोणत्या कारखान्याने गेल्या वर्षीच्या उमेदवारांपैकी किती जणांना ठेवून घेतले, हे त्याच गावातील माजी उमेदवार सांगू शकतात, आणि प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी त्यांच्या घरी जाऊन विचारता येते. रेल्वेने आपल्या कर्मशाळांत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी भरतीत वीस टक्के जागा राखून ठेवल्या. मात्र त्या पहिल्या स्तराच्या, म्हणजे १८,००० रुपये मूळ वेतनाच्या आहेत. हातात फिटरचे प्रमाणपत्र असलेला तरुण तेथे तंत्रज्ञ म्हणून लागत नाही. तो मदतनीस म्हणून लागतो आणि दुसऱ्या स्तराची वाट आतून चढतो.